बोर्डसाहेब

डहाणूच्या मसोलीत ज्याच्या घराला रस्त्याच्या बाजूने भिंत आहे, त्याची आणि बोर्डसाहेबांची ओळख आहे. ज्याच्या वाडीला तारेचं कुंपण आहे, त्याच्याशी ते जेवढ्यास तेवढं बोलतात. माझ्या कंपाउंडची भिंत चांगली लांबलचक, वर प्लास्टर पक्कं. त्यामुळे आमचा स्नेह फार जुना. सकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबतात, भिंतीवरून मायेने हात फिरवतात आणि म्हणतात, "सर, नुसतीच उभी आहे हो!"

त्यांचं नाव-आडनाव सांगून उपयोग नाही. तलासरीला, जव्हारला, पार नंदुरबारलाही हेच गृहस्थ वेगवेगळ्या आडनावांनी राहतात. हुद्दा म्हणाल तर ‘माहिती, शिक्षण व संवाद तज्ज्ञ’. कचेरीत एवढं लांबलचक कोण म्हणतं. तिथे नुसतं ‘आयईसी’. पाड्यांवर ‘बोर्डवाले साहेब’ आणि आम्हा मसोलीकरांचे बोर्डसाहेब. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. खातं कोणतं ते विचारू नका. कधी पाणी, कधी शौचालय, कधी पोषण, कधी मलेरिया. खातं बदललं की मजकूर बदलतो. माणूस तोच, भिंत तीच.

जगाकडे ते चौरस फुटांत बघतात. लग्नाला गेले की आधी स्टेजमागचा पडदा डोळ्यांनी मोजतात, नवरा-नवरी मागाहून. कुणाच्या दहाव्याला गेले तर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण’मधला पू दीर्घ आहे ना, याची आधी खात्री करून घेतात, ऱ्हस्व निघाला तर मयतापेक्षा त्याचंच दुःख जास्त. एकदा पारनाक्याच्या किनाऱ्यावर आम्ही दोघं सूर्यास्त बघत बसलो होतो. मी गप्प, ते गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बॅकग्राउंड उत्तम आहे, पण मजकूर कुठे टाकणार?"

हाच माणूस स्वतःच्या दारावर नावाची पाटी मात्र लावत नाही. घर भाड्याचं, नोकरी अकरा महिन्यांची. "कोणत्या लेखाशीर्षातून लावू?" असं विचारतात. वहिनी सांगतात की पोस्टमन अजूनही शेजारी चौकशी करत करत येतो.

त्यांच्या आयुष्यातली सोन्याची तारीख म्हणजे १ ऑगस्ट २०१४. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि पालघर जिल्हा जन्माला आला. आपण म्हटलं, चला, कलेक्टर जवळ आला, आता ठाण्याला खेपा नकोत. बोर्डसाहेबांना त्या सकाळी वेगळंच दिसलं. वसईपासून मोखाड्यापर्यंत आठही तालुक्यांतला प्रत्येक सरकारी बोर्ड एका रात्रीत चुकीचा झाला होता! शाळा, दवाखाने, अंगणवाड्या, समाजमंदिरं, जिथे तिथे ‘जिल्हा ठाणे’. "सर, असं काम माणसाच्या आयुष्यात एकदाच येतं," हे सांगताना अजून त्यांचा आवाज कापरा होतो. पेंटरांनी ‘ठाणे’वर पांढरा हात मारला आणि वर ‘पालघर’ लिहिलं. दोन पावसाळ्यांत पांढरा उडाला, खालचं ठाणे वर आलं, आणि त्या भिंतीपुरता माणूस एकाच वेळी दोन जिल्ह्यांत राहू लागला. तोवर राज्यातलं सरकारही बदललं होतं, म्हणजे फोटो बदलायचे होतेच. त्या निमित्ताने जिल्हाही पुन्हा नीट करून घेतला.

सरकार बदलण्याचा सामान्य माणसावर काय परिणाम होतो, यावर वर्तमानपत्रांत लेख येतात. बोर्डसाहेबांवर काय होतो, हे कुणी लिहिलेलं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये आधी राष्ट्रपती राजवट आली, मग एका पहाटे शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसांच्या आत गेलं आणि त्याच आठवड्यात तिसरं आलं. बोर्डसाहेबांचा एक फ्लेक्स तेव्हा छापखान्यात अडकला होता. मालक दर दोन तासांनी फोन करून विचारत होता, "कोण धरू?" साहेब म्हणाले, "नुसता अशोकस्तंभ धर."

फोटो हा त्यांच्या शास्त्राचा सर्वांत अवघड भाग. १३ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचेच फोटो चालतील. वाचणाऱ्याला तो निकाल लोकशाहीच्या हिताचा वाटला. बोर्डसाहेब हवालदिल झाले. दहा बाय वीसच्या बोर्डावर एवढी मोकळी जागा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "भरायची कशाने?" मी सुचवलं, योजनेची माहिती टाका. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "सर, माहिती वरून मंजूर करून आणावी लागते. फोटो मंजूरच असतो." पुढे १८ मार्च २०१६ ला न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही परवानगी दिली, तेव्हा कुठे त्यांना नीट झोप लागली. आता तर एक मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री, वर पंतप्रधान, बाजूला खात्याचे मंत्री, खाली पालकमंत्री. यांतला कुणी दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान झाला तर फोन येतो. लाभार्थी उरलेल्या कोपऱ्यात. तिचा फोटो इंटरनेटवरून उतरवलेला. डोक्यावर ओढणी, मागे मोहरीचं पिवळंधमक शेत. डहाणू तालुक्यात मोहरीचं असं शेत कुणी पाहिलं असेल तर कळवावं.

या फुकटच्या फोटोंपायी कधी कधी भलतंच होऊन बसतं. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या एका जाहिरातीत एक वृद्ध गृहस्थ झळकले आणि पुणे जिल्ह्यातल्या त्यांच्या घरच्यांना धक्काच बसला, कारण ते तीन वर्षांपासून बेपत्ता होते. मी ही बातमी बोर्डसाहेबांना जरा खवचटपणेच वाचून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, "बघा, पोलिसांना जमलं नाही ते जाहिरातीने केलं."

बोर्डसाहेब प्रामाणिक आहेत, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. त्यांनी एक बोर्ड कधी दोन ठिकाणी दाखवला नाही. न लावलेल्या फ्लेक्सचं बिल काढलं नाही. भिंतीचं माप टेप लावून घेतात, फोटो जीपीएसवाल्या कॅमेऱ्याने काढतात, अक्षांश-रेखांश जुळवून पाहतात. अडचण आहे ती हीच. चोर असते तर निम्म्या भिंती वाचल्या असत्या.

त्यांची एक श्रद्धा आहे, आणि ती समजल्याशिवाय हा माणूस कळत नाही. त्यांच्या मते योजना सांगितली म्हणजे झाली. उरतं ते किरकोळ काम. एकदा चहा घेता घेता त्यांनी मला हा हिशेब समजावला. शौचालय बांधायचं तर खड्डा लागतो, पाणी लागतं, गवंडी लागतो आणि मुख्य म्हणजे त्यात जाणारा माणूस लागतो. घरकुल द्यायचं तर यादीत नाव लागतं, जागेचा कागद लागतो, आधार लागतं, बँकेचं खातं लागतं, खात्याला जोडलेला मोबाइल लागतो. आणि घर वनजमिनीवर असलं, जे आपल्याकडे निम्म्या पाड्यांवर असतं, तर पुढचं बोलायलाच नको. आता बोर्ड घ्या. बोर्डाला भिंत लागते. भिंत अर्ज करत नाही, भिंतीला जातीचा दाखला लागत नाही, भिंत कामासाठी गुजरातेत स्थलांतर करत नाही. वर्षभर सगळ्या लेखाशीर्षांतले पैसे लाभार्थी शोधत फिरतात, आणि हा एकच खर्च असा की त्याला लाभार्थी लागतच नाही. "म्हणून तो शंभर टक्के होतो," बोर्डसाहेब म्हणाले आणि बशीतलं बिस्कीट उचललं.

हे काही फक्त डहाणूचं नाही. ‘बेटी बचाओ बेटी पढाओ’ योजनेचा हिशेब संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने तपासला होता; समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित. डिसेंबर २०२१ च्या त्या अहवालात आकडा आहे. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम एकट्या प्रसारमाध्यमांतल्या प्रचारावर गेली. मी वर्तमानपत्राचं ते पान बोर्डसाहेबांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी आकडा दोनदा वाचला, कपाळाला आठी घातली. मला वाटलं, लागलं बरं का मनाला. मग म्हणाले, "उरलेले एकवीस टक्के का राहिले?"

प्रचाराच्या बाजूने त्यांच्याकडे एक हुकमी पान असतं, आणि न्यायाने पाहायचं तर ते मलाही मानावं लागतं. पोलिओ. दोन थेंबांची ती जाहिरात ऐकली नाही असा पाडा या तालुक्यात नसेल, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. "तेव्हा कुणी म्हटलं का, की एवढ्या जाहिराती कशाला?" नाही म्हटलं. पण त्या बोर्डाखाली टेबल होतं, टेबलावर बर्फाची पेटी होती, पेटीत डोस होता आणि शेजारी अंगणवाडीताई मुलाच्या बोटाला शाई लावायला बसली होती. बोर्डसाहेबांच्या बोर्डाखाली बहुतेक वेळा रिक्षावाले बसतात.

मार्च महिन्यात हा माणूस ओळखू येत नाही. एरवी डहाणू रोडहून सकाळची गाडी पकडून पालघरला जाणार, वाणगाव-बोईसर करत खिडकीतून रुळांकडेच्या भिंती वाचत जाणार, असा संथ कार्यक्रम. वीस-बावीस मार्चला वरून फोन येतो: अखर्चित किती? मग फोनवर एक आकडा सांगितला जातो आणि तो ३१ तारखेच्या आत ‘वर्ग’ व्हायला हवा असतो. त्या आकड्यात विहीर होत नाही, रस्ता होत नाही, दवाखान्याला नर्स तर मिळतच नाही. मग फाइल उड्या मारत आयईसीच्या टेबलावर येते. तीन कोटेशनं मागवली जातात. तिन्ही वेगवेगळ्या फर्मची, वेगवेगळ्या लेटरहेडवर, आणि तिन्हीत ‘स्वच्छता’ हा शब्द ‘स्वछ्ता’ असा. बोर्डसाहेब लाल पेनाने तिन्ही ठिकाणी शुद्धलेखन सुधारतात आणि सर्वांत कमी दराची फर्म निवडतात. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या फ्लेक्सच्या मशीन्स रात्रभर चालतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या-माझ्या दारासमोर सनबोर्ड, स्टँडी आणि घडीपत्रिका उगवलेल्या दिसतात त्या अशा. गंमत अशी, की प्रसिद्धीचा सगळा निधी ३१ मार्चला संपतो, पण बोर्डसाहेबांचा फेब्रुवारीचा पगार बऱ्याचदा मे महिन्यात येतो. त्याची तक्रार ते करत नाहीत. "मानधन वेगळ्या शीर्षात आहे," एवढंच म्हणतात.

मजकूर तेच लिहितात आणि चित्रंही तेच निवडतात. प्लास्टिकमुक्तीचा बोर्ड ते पीव्हीसीच्या फ्लेक्सवर छापून घेतात. हा तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये खास प्राधिकरण नेमलं गेलेलं. तिथे चिकूच्या वाडीबाहेर बारा फुटी प्लास्टिकवर ‘प्लास्टिकला नाही म्हणा’. मी बोट दाखवल्यावर म्हणाले, "कापडावर रंग फाकतात."

आणि प्रत्येक बोर्डाच्या चारही कडांना वारली चित्रांची चौकट. ही चौकट आता मंत्रालयापासून विमानतळापर्यंत सगळीकडे असते, पण डहाणूत ती बघायला खरे जाणकार असतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायका इथे अजून आहेत. बोर्डसाहेबांची चौकट मात्र ‘वारली बॉर्डर फ्री डाउनलोड’ शोधून आलेली. एकदा पाड्यावर बोर्ड ठोकत असताना एक म्हातारबुवा जवळ आले, बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले की यातली माणसं तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करून नाचतायत. तारप्याच्या नाचात त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. जागा भरण्यासाठी छापखान्यात नुसती नाचणाऱ्यांची रांग आरशासारखी उलटी केली होती, त्याचा हा प्रताप. बोर्डसाहेबांनी डायरीत लिहून घेतलं: ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’.

पालघरला १५ जून २०२३ ला ‘शासन आपल्या दारी’चा मोठा कार्यक्रम झाला. दोनच दिवस आधी वर्तमानपत्रांत पहिल्या पानभर एक राजकीय जाहिरात आली होती. ती सरकारची नव्हती, पक्षाच्या नावाने होती, पण तिने मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांच्यात बिनसल्याच्या बातम्या उठल्या. मग पालघरच्या व्यासपीठावरून दोघांनीही लोकांना सांगितलं की जाहिरातीने आमची युती तुटणार नाही. मंडपात बसलेल्या बाकीच्यांचं लक्ष दाखले आणि मंजुरीपत्रांकडे होतं. बोर्डसाहेब मात्र धन्य होऊन परतले. "आजवर लोक मला म्हणायचे, बोर्ड लावून काय होतं. आता कळलं ना, सरकार जाईल की काय इथवर होतं!"

आकडे त्यांना तोंडपाठ असतात, पण त्यांची बेरीज वेगळी असते. केंद्र सरकारने २०१४ पासून डिसेंबर २०२२ पर्यंत जाहिरातींवर सुमारे ६,४९१ कोटी रुपये खर्च केले, असं लोकसभेत सांगितलं गेलं. बोर्डसाहेबांनी लगेच त्याचे फ्लेक्सच्या दराने चौरस फूट काढले. राज्याने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’च्या प्रसिद्धीसाठी जवळपास २०० कोटी मंजूर केले. मी म्हटलं, दीड हजाराने भागा, तेरा लाख हप्ते होतात. आणि ही योजना सांगायला जाहिरात कशाला हवी होती? अर्थसंकल्पात घोषणा झाल्यावर आठवड्याभरात डहाणूच्या सेतू केंद्रापुढे बायकांची रांग रस्त्यावर आली होती. त्या रांगेतल्या कुणी कुठला बोर्ड वाचला होता? बोर्डसाहेब म्हणाले, "रांग लागली हे लोकांना कळायला नको?"

त्यांच्याशी वाद घालताना मी एकदा जुनं काढलं. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी, म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यात, हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं ठरवून घरी गेले. वाचता येणारे त्यांत किती असतील? फ्लेक्स नाही, रिक्षावर भोंगा नाही, मोबाइल नाही. निरोप पाड्यावरून पाड्यावर पायी गेला. बोर्डसाहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. "फोटो आहेत?" मी म्हटलं, फोटोचं सोडा, गोदावरी परुळेकरांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. "कधी?" १९७० साली. ते कळवळले. "पंचवीस वर्षं उशिरा अहवाल! आमच्याकडे उपयोगिता प्रमाणपत्राला महिना उशीर झाला तर पुढचा हप्ता अडतो." मग मी कोसबाडच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे वळलो. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली, हे त्यांना सांगितलं. हे मात्र त्यांना मनापासून आवडलं. "म्हणजे शाळा आपल्या कुरणी! वा! लोगो काय होता?"

प्रचाराच्या गाड्यांचंही त्यांच्याकडेच असतं. मागे मोठा पडदा, त्यावर फिल्म, शेवटी शपथ. पाड्यावर गाडी आली की पोरं नाचत येतात, पुढे बसतात, सगळी फिल्म न हलता बघतात आणि संपल्यावर विचारतात, "आता पिच्चर?" याहून जास्त त्या गाड्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती २०२४ ची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीतच निधी लवकर मिळाला होता. बोर्डसाहेबांनी जिवाचं रान करून पाड्यापाड्यावर घरकुल योजनेचे फ्लेक्स लावले. फ्लेक्स दणकट, दहा बाय बाराचे, चारही कोपऱ्यांना पितळी रिंगा. वर नेत्यांचे फोटो, खाली पक्क्या घरापुढे उभं हसरं कुटुंब, आणि कधी नव्हे ते ‘पात्रता व आवश्यक कागदपत्रे’ असा सविस्तर मजकूर. कारण त्या वेळी एक फोटो कमी आला होता आणि जागा उरली होती. १६ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. सरकारी आवारातले बोर्ड चोवीस तासांत, सार्वजनिक जागेतले अठ्ठेचाळीस तासांत, खासगी जागेतले बहात्तर तासांत उतरले पाहिजेत असा नियम. ज्या माणसाने महिनाभर रात्रंदिवस बोर्ड चढवले, तोच ते उतरवत तालुकाभर फिरला. मी त्यांना त्या तीन दिवसांत पाहिलं, चेहरा बघवत नव्हता.

उतरवलेले फ्लेक्स ठेवायचे कुठे? गोदामात २०१९ चे होते, त्याखाली २०१४ चे. कुठल्याशा पाड्यावर एका बाईने विचारलं, "साहेब, फेकणार तर आम्हाला द्या, पावसात चूल भिजते." बोर्डसाहेब नियमांचे पक्के, पण फेकलेला फ्लेक्स कुणी उचलला तर काय करावं याबद्दल शासननिर्णय नाही. एक दिला. मग दुसऱ्या घरातून मागणी आली. मग जीप रिकामी झाली. इतकी वर्षं योजना घेऊन ते पाड्यांवर जात होते. माणसं आपणहून धावत येऊन, हात पुढे करून, सरकारी प्रसिद्धीसाहित्य मागतायत असं दृश्य त्यांनी प्रथमच पाहिलं. यादीच केली त्यांनी: नाव, पाडा, प्राप्त फ्लेक्स, अंगठा.

तुम्ही डहाणू-तलासरीच्या आतल्या रस्त्यांनी पावसाळ्यात गेलात तर वर बघा. कौलांवर, भाताच्या पेंढ्यावर, खाडीकाठी ओढून ठेवलेल्या होड्यांवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर महाराष्ट्र शासनाची गेल्या कित्येक वर्षांची धोरणं पसरलेली दिसतील. लेक वाचवलेली आहे, पाणी अडवलेलं आहे, कुपोषण हटवलेलं आहे, आणि पाणी खरोखरच आत येत नाही. सरकारचा कुठलाही पैसा इतक्या लोकांपर्यंत, मधल्या मध्ये काहीही न गळता, असा पोहोचलेला मला माहीत नाही.

त्या वर्षीच्या जुलैत बोर्डसाहेब कोसबाडच्या पुढे एका पाड्यावर गेले होते. तुफान पाऊस आला म्हणून एका घरात शिरले. कुडाचं घर, कौलं फुटकी, आणि कौलांच्या खाली आतल्या बाजूने यांचाच फ्लेक्स ताणून बांधलेला. छापलेली बाजू खाली, कारण वरून लावला तर पावसाने शाई जाते असं घरधनिणीचं म्हणणं. म्हणजे हे कुटुंब रोज रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यांसमोर घरकुल योजना. नेते सुलटे, हसरं कुटुंब सुलटं आणि मजकूर बरोबर उशाच्या वर. पाचवी-सहावीतला मुलगा पाहुण्यांना घडाघडा वाचून दाखवायला लागला. पात्रता एक, पात्रता दोन, पात्रता तीन. आवश्यक कागदपत्रे अ, ब, क. एकही जोडाक्षर चुकला नाही. बोर्डसाहेबांचा ऊर भरून आला. आपला मजकूर संपूर्ण वाचलेला माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, "हे सगळं आमच्याकडे आहे. मग घर का नाही?"

"अर्ज केलाय का?" बोर्डसाहेबांनी विचारलं. बापाने पत्र्याच्या पेटीतून तीन पोचपावत्या काढून पुढे ठेवल्या. पावसाचा जोर होता, बाहेर पडता येत नव्हतं, आणि त्या घरात दुसरीकडे नजर वळवायला धड भिंतही नव्हती. वर पाहावं तर फ्लेक्स. मुलाचं अजून संपलं नव्हतं. फ्लेक्सच्या कोपऱ्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "आणि ह्याचे किती पैसे पडले?"

त्या दिवशीच्या दौऱ्याचा अहवाल मी पाहिला आहे. शुद्धलेखन तपासायला म्हणून तेच घेऊन आले होते. ‘प्रभाव मूल्यमापन’ या मथळ्याखाली लिहिलं होतं: ‘योजनेची माहिती लाभार्थी कुटुंबाच्या मुखोद्गत असल्याचे आढळले. प्रसिद्धीसाहित्य घरातील सर्व सदस्यांच्या सतत दृष्टीस राहील अशी व्यवस्था कुटुंबाने स्वखर्चाने केली आहे.’ यात खोटं काहीच नव्हतं. वरच्या कार्यालयातून कौतुकाचं पत्र आलं आणि पुढच्या अकरा महिन्यांचा आदेशही.

मुलाच्या शेवटच्या प्रश्नाचा अहवालात उल्लेख नव्हता. मी विचारलं तेव्हा बोर्डसाहेब जरा घुटमळले. मग त्यांनी एक सांगितलं, आणि ते त्यांच्या तोंडून आलं म्हणून इथे लिहितो. गावात रस्ता झाला की कडेला फलक लागतो: कामाचे नाव, निधी, ठेकेदार, अंदाजित रक्कम. तो फलक लावायचं बंधन आहे. पण त्या फलकाची रक्कम फलकावर नसते. जाहिरातीवरही जाहिरातीची नसते. प्रत्येक सरकारी जाहिरातीच्या तळाशी ‘या जाहिरातीचा खर्च रुपये अमुक’ एवढी एक ओळ टाकायची म्हटलं तर बोर्डावर जागा आहे, छापखान्याला वेगळे पैसे पडत नाहीत. "मग टाकत का नाही?" ते म्हणाले, "तसा नमुना मंजूर नाही."

तोवर ही रक्कम विचारून घ्यावी लागेल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ज्या कार्यालयाचा बोर्ड त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे; तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे. बोर्ड कुठे आहे, किती बाय किती आहे आणि कोणत्या तारखेला पाहिला ते अर्जात लिहा, म्हणजे टाळता येत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते दहा रुपयेही लागत नाहीत. शिधापत्रिकेची वा दाखल्याची प्रत जोडावी. पाड्यावरच्या त्या मुलाच्या बापाचा अर्ज मी लिहून दिला आहे. फ्लेक्सचं माप अचूक घालायला बोर्डसाहेबांनी आपला टेप दिला.